फिफ्थ व्हील कॅम्पर निवडताना: पाटीवरच्या नावाआधी काय बघायचं

आमच्या पहिल्या फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे पिकअप ट्रकनं ओढायच्या चाकांवरच्या घरात, सोफ्याशेजारची हातभर जमीन पायाखाली दबायला लागली, तेव्हा गाडी घेऊन चौदा महिने झाले होते. वॉरंटी बारा महिन्यांची होती. गुडघ्यावर बसून अंगठ्यानं दाबून पाहिलं, तर व्हिनाइलखाली चहात भिजलेल्या बिस्किटासारखं काहीतरी लागलं. बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की स्लाइडच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जागेवर सीलंट लावायचंच राहून गेलंय. बाकी सगळीकडे नीट लावलेलं होतं. त्या दोन बोटांच्या फटीतून वर्षभर पावसाचं पाणी आत जात होतं. घेण्याआधी महिनाभर मी ब्रँडची तुलना करत होतो, पण स्लाइडखाली वाकून एकदाही बघितलं नव्हतं.

दुसरी गाडी घेताना मी क्रम बदलला. तोच क्रम इथे सविस्तर देतोय. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि मुलं मोठी झाल्यावर किंवा निवृत्तीनंतर फिरायचं ठरवणाऱ्या मराठी मंडळींकडून मला एकच प्रश्न येतो: "कुठला ब्रँड घेऊ?" उत्तर आहे, पण ते या लेखाच्या मध्यावर येतं, आणि तिथेच यायला हवं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडतात. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग उचललेला असतो, आणि त्याखालची किंगपिन पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास बरोबर वर, बसवलेल्या हिचमध्ये अडकते. वजन ट्रकच्या चाकांवर नीट पडतं, त्यामुळे मोठा कॅम्परही रस्त्यावर कमी डुलतो. पुढच्या उंच भागात बहुधा शयनगृह असतं.

आधी ट्रक

ब्रँड बघण्याआधी ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं लेबल बघा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण २० ते २५ टक्के वजन किंगपिनवर, म्हणजे तुमच्या ट्रकवर येतं. पूर्ण भरल्यावर १४,००० पौंडांचा कॅम्पर असेल, तर २,८०० ते ३,५०० पौंड पिनवर. त्यात हिचचे दीडदोनशे आणि चार माणसांचे सहाशे धरा. पाऊण टनी म्हणवणाऱ्या बऱ्याच डिझेल पिकअपचं लेबल इथेच संपतं. एफ-३५० किंवा रॅम ३५०० या वर्गातला ट्रक लागतो, आणि मोठ्या कॅम्परसाठी मागे चार चाकं असलेला.

विक्रेता ट्रकची 'ओढण्याची क्षमता' सांगेल. तो आकडा मोठा असतो आणि खोटाही नसतो, पण फिफ्थ व्हीलमध्ये आधी संपते ती लेबलवरची क्षमता. ट्रक आधीच दारात असेल, तर कॅम्परची यादी त्यानं ठरवली असं समजा.

कुठली कंपनी कोणाची

अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि आसपासच्या गावांत बनतात: गोशेन, मिडलबरी, नॅपनी. शिकागोहून दोन-सव्वादोन तासांवर. आम्ही नेपरव्हिलला राहतो, त्यामुळे दोनदा जाऊन कारखाने पाहून आलो. तुम्हाला जमलं तर एखादा कारखाना जरूर बघा. फिरवून दाखवणाऱ्या माणसाच्या बोलण्यापेक्षा कामगारांच्या हाताकडे जास्त लक्ष द्या.

पाट्या शेकडो दिसतात, मालक मात्र मोजके. थॉर इंडस्ट्रीजकडे कीस्टोन २००१ मध्ये आली, हार्टलँड २०१० मध्ये, जेको २०१६ मध्ये. म्हणजे कीस्टोनचं माँटाना किंवा कूगर, हार्टलँडचं बिगहॉर्न आणि जेकोचं ईगल किंवा पिनॅकल यांची तुलना करताना तुम्ही एकाच घरातल्या भावंडांची तुलना करत असता. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची आहे. सीडर क्रीक, सँडपायपर, रॉकवूड ही नावं तिथली. ग्रँड डिझाइन २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये विनेबेगोनं घेतली. सॉलिट्यूड आणि रिफ्लेक्शन त्यांची.

या तीन मोठ्या घरांबाहेर थोडी नावं आहेत: २०१९ ची अलायन्स, २०२२ ची ब्रिंकली, आणि ऑरेगनमधल्या ला ग्रँडची नॉर्थवूड, जी आर्क्टिक फॉक्स बनवते.

मालक कोण हे कळण्याचा व्यवहारात उपयोग असा, की 'अमक्यापेक्षा तमका चांगला' हे वाक्य ऐकलं की आधी बघायचं, दोन्ही एकाच कंपनीचे तर नाहीत? असतील तर फरक बहुधा किमतीच्या वर्गाचा असतो.

एकाच ब्रँडची एक गाडी दहा वर्षं बिनतक्रार चालते आणि दुसरी पहिल्याच पावसात गळते, याचं कारणही एल्कहार्टमध्येच सापडतं. अनेक कारखान्यांत कामगारांना नगावर मजुरी असते. टोळीनं दिवसाचा कोटा पहाटे सुरू करून दुपारपर्यंत संपवायचा. ही माणसं कुशल आहेत, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या लाकूडकाम करणारे आमिश कारागीरही आहेत, आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण घाईत सीलंटचा एक कोपरा राहू शकतो, एखादा स्क्रू हुकू शकतो, आणि तो कुठल्या ब्रँडच्या गाडीत हुकेल हे पाटीवरून कळत नाही.

नाव वेगळं, भाग तेच

चॅसिस बहुतेकांचा लिपर्ट या एकाच कंपनीचा. अ‍ॅक्सल लिपर्टचा किंवा डेक्स्टरचा. फ्रीज, एसी, पाणी तापवायचं यंत्र, खोली उबदार ठेवणारी भट्टी यांचे पुरवठादारही तेच चार-पाच. त्यामुळे तुलना करायची ती कंपनीनं कुठल्या दर्जाचा भाग मागवला आणि तो कसा बसवला याची. मी या पाच गोष्टी बघतो, आणि त्यातल्या पहिल्या दोनांवर सर्वांत जास्त वेळ देतो.

पहिली, सांगाडा. फिफ्थ व्हीलचा सगळा भार पुढच्या उचललेल्या भागात पिनबॉक्सपाशी (किंगपिन बसवलेल्या भागापाशी) येतो. तिथला सांगाडा लवचिक असेल, तर भिंत आणि पुढचं टोपण यांच्या जोडाला रोज झटके बसतात. गेल्या काही वर्षांत मालकांच्या गप्पांत याच तक्रारीची चर्चा सर्वांत जास्त आहे. परीक्षा सोपी आहे. कॅम्पर ट्रकला जोडलेला असताना डीलरला पुढचे पाय खाली टेकवून पुढचा भार त्यांच्यावर घ्यायला आणि परत सोडायला सांगा. एकानं बाहेर उभं राहून उंच भागाच्या खालची कड आणि भिंत यांच्यामधली रेघ बघायची. दुसऱ्यानं आत शयनगृहातल्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं. बाहेरची रेघ हलताना दिसली, किंवा आत बोटाखाली फट उघडमिट होताना जाणवली, तर ती गाडी सोडा. दुसऱ्या वेळी मी तीन गाड्यांवर हे केलं. त्यातल्या एकीत पलंगाशेजारची पट्टी भिंतीपासून नखभर सुटत होती, आणि भार परतला की पुन्हा चिकटत होती. विक्रेता म्हणाला, थोडं तर हलणारच. थोडं लवतं हे खरंच आहे, पण जोड सुटणं वेगळं.

दुसरी, पाणी अडवणाऱ्या गोष्टी: छप्पर, भिंती, स्लाइड. छपराला ईपीडीएम रबर, टीपीओ किंवा पीव्हीसीचा पडदा असतो. पीव्हीसी टिकाऊ मानतात आणि ते महागड्या मॉडेलांत दिसतं, पण मला पडद्यापेक्षा त्यावरच्या भोकांची काळजी जास्त वाटते. पंखे, एसी, अँटेना, पाइप, प्रत्येक भोकाभोवती सीलंट असतं आणि ते उन्हानं तडकतं. शिडी लावून वर जा. चालता येईल असं छप्पर असेल तर पावलागणिक मऊ जागा शोधा.

भिंतीसाठी एकच प्रश्न विचारा: फायबरग्लासच्या मागे पातळ प्लायवूड आहे की अ‍ॅझडेल? अ‍ॅझडेलमध्ये लाकूड नसतं, त्यामुळे पाणी लागलं तरी ते कुजत नाही. प्लायवूड ओलं झालं की बाहेरची भिंत फोड आल्यासारखी फुगते, आणि त्याची दुरुस्ती फार महागात जाते. काही कंपन्या बाजूच्या भिंतीत अ‍ॅझडेल घालतात आणि मागच्या भिंतीत किंवा स्लाइडमध्ये नाही, म्हणून प्रत्येक भिंतीबद्दल वेगळं विचारा.

स्लाइड म्हणजे बाहेर सरकणारी खोली. स्वयंपाकघर किंवा सोफा असलेली जड स्लाइड हायड्रॉलिकवर किंवा खालून दातेरी पट्टीवर चालणारी असावी, असं माझं मत आहे. भिंतीतल्या पातळ पट्ट्यांवर चालणारी श्विनटेक पद्धत हलक्या, उथळ स्लाइडला ठीक. जड स्लाइडला तिच्या दोन बाजूंच्या मोटारी मागेपुढे होतात आणि खोली तिरकी अडकते.

तिसरी, अ‍ॅक्सल आणि टायर. इथे एक हिशेब समजून घ्या. ७,००० पौंडांचे दोन अ‍ॅक्सल, म्हणजे १४,०००. तरी पाटीवर कमाल वजन १७,५०० लिहिलेलं असू शकतं, कारण कंपनीनं २० टक्के भार पिनवर धरलेला असतो. कायद्यानं यात काही चूक नाही, पण तुम्ही मागच्या कपाटांत सामान भरलंत की अ‍ॅक्सल काठावर येतात. अशा गाडीचा लोड रेंज ई (भार पेलायच्या ई वर्गातला) टायर ८० पीएसआयवर जेमतेम साडेतीन हजार पौंड पेलतो, म्हणजे राखीव काहीच नाही. जी रेंजचे ११० पीएसआयचे टायर मूळ गाडीतच दिले असतील, तर ती कंपनी जिथे दिसत नाही तिथेही खर्च करते असं मी मानतो. टायरच्या कडेला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्प्रिंगच्या बोल्टमध्ये नायलॉनचे बुश आहेत, की ग्रीस भरता येणारे पितळी, हेही विचारा. नायलॉनचे लवकर झिजतात.

चौथी, सामानाची क्षमता. दारापाशी तीही चिकटवलेली असते. साठ गॅलन पाणी भरलं की पाचशे पौंड गेले. दोन हजार पौंडांखालची क्षमता असलेला मोठा कॅम्पर लांबच्या प्रवासाला घेऊ नये.

पाचवी आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे, आणि ती मला कुठल्याच तुलनेत सापडली नाही: शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो का? काही गाड्यांत तो तीच हवा गाळून परत खोलीत सोडतो. मोहरी-हिंगाची फोडणी पडली, मिरची परतली, की धुराचा अलार्म कोकलतो आणि वास पडद्यांत महिनाभर राहतो. पंखा लावून बाहेर जा आणि झडप उघडते का बघा. बाहेरच्या झडपेला प्रवासासाठी खिटी असते, ती काढल्याशिवाय हवा जात नाही.

'फोर सीझन', म्हणजे चारही ऋतूंत राहता येईल, या शब्दावर भरवसा ठेवू नका. त्याला उद्योगात सर्वांना बंधनकारक असं एक माप नाही. टाक्या झाकलेल्या आहेत का आणि भट्टीची गरम हवा तिथपर्यंत जाते का, एवढं विचारा. दारापाशी आरव्हीआयए या कॅम्पर उद्योगाच्या संघटनेचं शिक्कामोर्तब असतं, त्यानंही गैरसमज होतो. ते वीज, गॅस, नळकाम आणि आग यांच्या सुरक्षा-मानकांशी संबंधित आहे. कारागिरी चांगली आहे अशी ग्वाही ते देत नाही.

मग ब्रँड कोणता

आता माझं मत, कारण ते टाळणं वाचकावर अन्याय होईल. वर्षातून दोन-तीन आठवडे फिरणार असाल तर कूगर, ईगल किंवा रिफ्लेक्शन या मधल्या वर्गातली नीट तपासलेली गाडी पुरेशी आहे. महिनोन्‌महिने राहणार असाल, तर मी सुरुवात अलायन्स पॅराडाइम आणि ब्रिंकली मॉडेल झी यांच्यापासून करेन. दोन्ही कंपन्या तरुण आहेत आणि मालकांच्या तक्रारी ऐकून गाडीच्या रचनेत बदल करण्याकडे त्यांचा कल दिसतो. तरुण कंपनीची उणीव अशी, की पंधरा वर्षं जुनी गाडी कशी टिकते हे बघायला मिळत नाही. खडबडीत रस्ते, डोंगर, थंडी असं फिरणं असेल, तर आर्क्टिक फॉक्स. नॉर्थवूड चॅसिस स्वतः बनवते, आणि सांगाड्याची जबाबदारी एकाच दारात राहते हे मला फार मोलाचं वाटतं. आतली सजावट थोडी जुन्या वळणाची आहे. त्याचं मला काही वाटत नाही.

दोघंच असाल आणि लहान चालत असेल, तर साच्यातून काढलेल्या फायबरग्लासच्या फिफ्थ व्हील बघा: मिनेसोटातल्या बॅकसची स्कॅम्प आणि ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकची एस्केप. भिंतीला जोड जवळजवळ नसतात, त्यामुळे पाणी शिरायच्या जागाच कमी. त्यांना स्लाइड नसते, जागा अडचणीची होते, पण गळतीचा धसका घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या अजूनही खुणावतात.

कुठलाही ब्रँड मनात आला तरी एनएचटीएसए या अमेरिकी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे रिकॉल (दोषामुळे कंपनीनं दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्या) आणि तक्रारी वाचा. विशिष्ट गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) मिळाला की तोही तिथे टाका. रिकॉल आहेत एवढ्यावरून घाबरू नका, सगळ्यांचे असतात. ब्रेक, गॅस आणि सांगाडा यांबद्दल एकच तक्रार पुन्हापुन्हा येते का, ते बघा.

डीलरकडे अर्धा दिवस

पैसे देण्याआधी सगळी यंत्रणा चालू करून बघणं याला इथे पीडीआय म्हणतात. डीलर वीस मिनिटांत उरकायला बघेल. तुम्ही चार तास मागा, आणि ते करारात लिहून घ्या. शक्य असेल तर एनआरव्हीआयए या कॅम्पर-निरीक्षकांच्या संघटनेचा प्रमाणित निरीक्षक स्वतःच्या पैशानं आणा. डीलर त्याला आवारात येऊ देत नसेल, तर तिथून निघा.

पाणी आधी. मुख्य नळाला जोडून सगळे नळ उघडा, बंद करा, मग अर्धा तास थांबा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सिंकखाली, न्हाणीच्या मागच्या फळीआड, टाक्यांच्या कप्प्यात हात फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारा थेंब हाताला लागतो. फ्रीज सुरू करून ठेवा, तो थंड व्हायला तास लागतात. एसी आणि भट्टी दोन्ही चालवा. स्लाइड तीनदा आत-बाहेर करा आणि बाहेरून रबराची कड दुमडते का बघा. स्लाइडच्या खालच्या चारही कोपऱ्यांत आडवं पडून बघा. कपडे मळतील, मळू द्या. ओल मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. खिडक्यांखाली, छपराच्या कोपऱ्यांत आणि शयनगृहाच्या पुढच्या भिंतीवर ते टेकवा.

सापडलेलं सगळं कागदावर, तारखेसह, डीलरच्या सहीनं. 'पुढच्या आठवड्यात करून देतो' यावर सही करू नका. काम पूर्ण झाल्यावर पैसे द्या.

जुनी घ्यायची असेल तर

जुनी गाडी चांगला पर्याय आहे, कारण पहिल्या मालकानं बारीक दोष काढून घेतलेले असतात आणि किमतीची पहिली मोठी घसरणही त्यानंच सोसलेली असते. एका काळाबद्दल मात्र सावध राहा. २०२० मध्ये उद्योगानं सुमारे ४,३०,००० कॅम्पर (मोटारहोम धरून) कारखान्यांतून बाहेर पाठवले, २०२१ मध्ये ६,००,२४०, म्हणजे विक्रम. कोविडच्या त्या लाटेत भाग मिळत नव्हते, नवखी माणसं कामावर घेतली जात होती आणि मागणी थांबत नव्हती. त्या दोन-तीन वर्षांतली गाडी वाईटच असते असं नाही, पण तिचं निरीक्षण दुप्पट कसून करा. छपराचं सीलंट कधी बदललं, याच्या पावत्या मागा. बहुतेक मॅन्युअल ते वर्षातून अनेकदा तपासायला सांगतात, आणि ज्यानं ते केलंय त्याच्याकडे पावत्या किंवा फोटो असतातच.

वॉरंटी आणि दुरुस्ती करणारा

किती वर्षं हे नंतर बघा, आधी अपवाद वाचा. गाडीत कायम राहिलात तर वॉरंटी लागू नाही, असं कलम अनेक ठिकाणी असतं. काही करारांत वाद इंडियानाच्याच कोर्टात न्यायचं बंधन असतं. अनेक राज्यांत लेमन लॉचं (सदोष गाडीच्या ग्राहकाला भरपाई देणाऱ्या कायद्याचं) संरक्षण ओढून न्यायच्या कॅम्परला मिळत नाही, त्यामुळे आपल्या राज्याचा नियम आधीच बघा.

कंपनीला फोन करून विचारा: घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या मोबाइल तंत्रज्ञाचं बिल वॉरंटीत चालतं का? चालत असेल तर त्या ब्रँडला माझ्याकडून मोठा गुण, कारण उन्हाळ्यात डीलरच्या आवारात गाडी आठवडे नुसती उभी राहते आणि तुमची सुट्टी निघून जाते. दूरच्या डीलरकडे दोन-तीन हजार डॉलर स्वस्त मिळते हे खरं, पण जवळचा डीलर स्वतः विकलेल्या गाड्या आधी हातात घेतो. पन्नास मैलांच्या आत त्या ब्रँडची दुरुस्ती करणारं कोणी नसेल, तर तो ब्रँड मी यादीतून काढतो, कितीही आवडला तरी.

गाडी ताब्यात आली की पहिले तीन दिवस डीलरच्या जवळपासच्या एखाद्या कॅम्पग्राउंडमध्येच राहा. सगळं वापरा: आंघोळ, स्वयंपाक, भट्टी, पाऊस आला तर फारच उत्तम. दुसऱ्या गाडीत आम्ही असे राहिलो तेव्हा पहिल्याच रात्री न्हाणीचा निचरा तुंबला आणि पलंगाशेजारचा दिवा लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी यादी घेऊन गेलो, सात गोष्टी होत्या, आणि संध्याकाळपर्यंत सातही झाल्या. मग स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यांत पुन्हा एकदा टॉर्च मारला, कोरडे होते, आणि आम्ही मिशिगनच्या रस्त्याला लागलो.